उभी माणसं

बुटाचा पट्टा लावता लावता दुकानातला माणूस थांबला. बारकीच्या पायाशी तो एका गुडघ्यावर बसला होता, तिची टाच तळहातावर तोललेली. मान वर करून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही ओळखलं नाहीत मला." बारकीने त्याच्याकडे नीट पाहिलं. चापून बसवलेले केस, इस्त्रीचा शर्ट, खिशातून डोकावणारी बूट चढवायची पट्टी. असा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. शेजारी बसलेली आई मात्र लगेच सावरून बसली; 'सिस्टर' हा शब्द चारचौघांत कानावर पडला की अलीकडे तिची पाठ आपोआप ताठ होत असे. "नाही हो आठवत," बारकी म्हणाली. माणूस हसला. हसताना त्याने डोळे मिटले, मान थोडी कलती झाली, आणि त्या कलत्या मानेबरोबर सगळं जागेवर आलं. खिडकीलगतची कॉट. पोटाचं ऑपरेशन. नाकातली नळी, आणि नळीमुळे बोलायला त्रास होतो म्हणून पापण्या मिटून 'हो' म्हणायची त्याची सवय. त्याला ती फक्त आडवा ओळखत होती. असा कपडे घातलेला, कामाला लागलेला, दुसऱ्याच्या पायाची काळजी करणारा तो तिच्यापुढे कधी आलाच नव्हता. "अय्या, तुम्ही होय!" ती म्हणाली, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून, "आता कसं वाटतंय?" असं त्याला वॉर्डातल्याच सुरात विचारून मोकळी झाली.

"ठणठणीत. सगळं खातो," तो म्हणाला. "एक गंमत सांगू? एका दुपारी तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी येते. आणि आलाच नाहीत. दोन दिवस मी दाराकडे डोळे लावून होतो. मग कळलं, शिकणाऱ्या मुलींची इकडून तिकडे बदली होत असते." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा मागमूसही नव्हता. "सहज आठवलं हो. आता जरा चालून बघा, अंगठ्याला टोचत नाही ना?" बारकी उठली आणि सतरंजीच्या पट्टीवरून आरशापर्यंत चालत गेली. पांढरे, मऊ तळव्याचे, दिवसभर उभं राहण्यासाठी बनवलेले बूट. टोचत कुठेच नव्हतं. मागे आई दुकानदाराला सांगत होती की पुढच्या आठवड्यापासून मुलगी मोठ्या हॉस्पिटलात रुजू होणार, सर्जिकल वॉर्डात, आणि बारकी आरशात आपल्या पायांकडे बघत त्या दुपारची आठवण काढायचा प्रयत्न करत होती. येईना. 'उद्या येते' हे आपण कुणाकुणाला म्हटलं असेल? कॉटवरची चादर ताणून कोपरा दुमडावा तसं ते वाक्य हातासरशी निघायचं. उशीखाली बिस्किटं दडवणारी एक म्हातारी होती. छताचे पंखे मोजून रोज वेगळाच आकडा सांगणारे एक मास्तर होते. पायाला प्लास्टर असलेली आणि बारकीला आपल्या लग्नात काय नेसायचं ते बजावून सांगणारी एक मुलगी होती. त्यांचं पुढे काय झालं? दुसऱ्या खोलीत कुणीतरी रेडिओ बंद करावा तशी ती सगळी माणसं अर्ध्या वाक्यावर थांबलेली होती, आणि त्यातला एकजण आज अचानक वाक्य पुरं करून तिच्या बुटाचा पट्टा लावत होता.

घरी येताना आई खूश होती. "बघ, किती आठवण ठेवतात लोक!" ती म्हणाली. बारकीने मान डोलावली. घरात ती शेंडेफळ, म्हणून पडलेलं हे नाव. आता आईपेक्षा वीतभर उंच झाली होती तरी बारकीची कुणी मोठी केली नाही. तिचं शिक्षण संपलं होतं, परीक्षा चांगली गेली होती, आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली होती. राखून ठेवली होती ती मावशीच्या शब्दाखातर. आईची ही थोरली बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. घरात कुणाला ताप आला, कुणाचा हात कापला, कुणी जिन्यावरून पडलं, की "मावशीला बोलवा" हा पहिला शब्द असे. मावशी यायची, घड्याळ बघत नाडी मोजायची, "काही नाही होत" म्हणायची, आणि खरंच काही होत नसे. सणासमारंभाला मात्र तिची खुर्ची रिकामी असायची. "ड्यूटी आहे तिची," आई सगळ्यांना सांगायची, आणि ते सांगताना तिच्या आवाजात जो मान असे तो दुसऱ्या कुणाच्या गैरहजेरीला मिळाला नाही. बारकी नर्सिंगला गेली तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही मावशीवर गेली. बारकीलाही ते आवडलं होतं. आपण कुणावर तरी गेलो आहोत असं कळलं की पुढचा रस्ता आखलेला मिळतो.

आता मधेच हा दुसरा रस्ता फुटला होता, आणि तोही नुसता वेळ घालवायला म्हणून. दोन गल्ल्या पलीकडे एका लॉण्ड्रीच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. त्यांची जुनी नर्स मुलाकडे राहायला गेली, नवी मिळेना. बारकी घरीच बसून आहे असं कळल्यावर त्यांनी निरोप पाठवला, हॉस्पिटलात रुजू होईपर्यंत येशील का? बारकी गेली. दोन खोल्या. खालून चढणारी इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास. पाय ठेवला की काटा बराच वेळ डुगडुगत राहणारं वजनाचं यंत्र. दाराशी टेबल टाकून बसलेले काका, पूर्वी बसवर कंडक्टर असलेले, आणि अजूनही पेशंटना "चला, पुढे सरका, मागचे आत या" अशाच भाषेत हाकणारे. डॉक्टरबाईंना एका कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे त्या दुसरा कान पुढे करून, भुवया उंचावून ऐकत, आणि पेशंटला वाटे की आपलं म्हणणं फारच महत्त्वाचं असलं पाहिजे. पहिल्याच दिवशी त्यांनी बारकीला विचारलं, "हॉस्पिटलात माणसाला भीती वाटते. इथे कंटाळा येतो. तुला कंटाळा सहन होतो का?" शिकताना बारकीला रक्त सहन होतं का, उलटी, दुर्गंधी, जागरण, शिव्या, मरण सहन होतं का, असं सगळं विचारून झालं होतं. कंटाळ्याचं कुणीच विचारलं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "मग बघ चार दिवस," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कान पुढच्या पेशंटकडे वळवला.

कंटाळा यायचा, नाही असं नाही. तोच खोकला, तेच पित्त, तीच लस, तोच मागे सरकणारा दंड आणि "झालं झालं, संपलं" हे तेच खोटं. दुपारी बाक रिकामा व्हायचा, काका टेबलावर डोकं ठेवून पेंगायचे आणि खालच्या इस्त्रीचा धप-धप आवाज लाकडी जमिनीतून तळपायांना जाणवायचा. पण सोमवारी पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून गेलेला रंगारी बुधवारी परत यायचा, आणि पट्टी सोडताना बारकी खाली वाकून बघायची. जखम आतून गुलाबी धरत चालली होती. कडेने नवी, चकचकीत, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सरकत येत होती. "बघा, बघा," ती त्याला म्हणाली, जणू त्याच्याच पायावर काहीतरी तिने स्वतः उगवून दाखवलं होतं. रंगारी म्हणाला, "माझाच पाय आहे हो सिस्टर, रोज बघतो." तिला हसू फुटलं. आणि दिवसभर, जिना उतरताना, भाजी घेताना, ती गुलाबी कड तिच्या डोळ्यांपुढे राहिली. हे आवडणं तिने कुणाला सांगितलं नाही. त्यात काहीतरी लपवण्यासारखं होतं, डाएटवर असताना चोरून खाल्ल्यासारखं.

कारण तिच्या बरोबरीच्या सगळ्या हॉस्पिटलातच लागत होत्या. तिची जवळची मैत्रीण फोनवर किंचाळलीच, "दवाखान्यात? अगं, पहिली दोन-चार वर्षं तरी वॉर्ड करायचा असतो! हात तयार होतात. तिथे तू नुसता थर्मामीटर झटकत बसणार. गंजशील. मग कोणी उभं करणार नाही." मैत्रीण खोटं बोलत नव्हती. बारकीला वॉर्ड माहीत होता आणि, खरी गोष्ट ही होती, की तोही तिला आवडायचा. एकदा शिकत असताना समोरचा माणूस बोलता बोलता काळा-निळा पडला आणि क्षणात सगळीकडून माणसं धावून आली; कोणी छाती दाबतंय, कोणी ट्रॉली ओढतंय, कोणी नुसतंच बोट दाखवतंय आणि बारकीचे हात ते बोट बघून नेमकं तेच उचलून देताहेत, न चुकता, न थरथरता, जणू ते तिचे नव्हेतच, त्या मोठ्या यंत्राचे आहेत. माणूस वाचला. नंतर ती कपड्यांच्या खोलीत जाऊन धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली तेव्हा चादरी अजून कोमट होत्या, आणि ती इतकी आनंदात होती की तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी तिची बदली झाली. त्या माणसाला तिने पुन्हा पाहिलं नाही. नर्सिंगच्या बाई वर्गात सांगत, "जीव लावा, पण ड्यूटी संपली की हात धुवून निघा. हात म्हणजे नुसते हात नव्हेत." बाकीच्या मुलींना ते जमायचं. बारकी हात धुवायची आणि मग बसस्टॉपवर उभी राहून विचार करायची, त्या म्हातारीला जेवण गेलं असेल का?

म्हणजे आपल्यात एक उणीव आहे असं ती धरून चालली होती, आणि ती वॉर्डात राहूनच भरून निघेल असंही. उलट दवाखाना आवडतोय याचा अर्थ एवढाच की आपण भित्र्या आहोत, मोठ्या पाण्याला घाबरून काठावर बसू पाहतोय. हा विचार एकदा डोक्यात शिरला की हलेना. बूट आणले त्या दिवसापासून तर तो जास्तच छळू लागला. आठवड्याच्या अखेरीस हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टरना जाऊन सांगायचं होतं, येते म्हणून. न सांगितलं तर जागा दुसरीला जाणार, आणि मावशीने निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणासाठी तरी टाकलेला शब्द वाया जाणार. जेवताना आई वडिलांना म्हणायची, "मावशीला किती बरं वाटेल ना?" वडील म्हणायचे, "वाटेल की." त्यांना कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर प्रश्नातूनच काढून द्यायची त्यांची पद्धत होती. एरवी बारकीला त्याची मजा वाटायची. आता वाटायचं, कोणीतरी एकदा माझ्याकडे बघून वेगळंच काहीतरी विचारावं.

दवाखान्यासमोर कपडे शिवण्याचं एक दुकान होतं. तिथली शिवणवाली गरोदर होती, सातवा संपत आलेला, आणि रक्तदाब बघायच्या निमित्ताने दर दोन दिवसांनी वर यायची. निमित्तच, यायची ती पाय पसरून पाच मिनिटं बसायला. बोलायला लागली की उजव्या हाताच्या मधल्या बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी, टेबलावर टकटक वाजवत राहायची. काका वैतागायचे. "तुमची घंटा बंद करा हो," म्हणायचे. त्या गुरुवारी ती आली तेव्हा बाक भरलेला होता. डॉक्टरबाई आत एका मुलाचा घसा तपासत होत्या. "माझं काही नाही, नुसतं डोकं ठणकतंय," शिवणवाली म्हणाली. "उन्हाचं असेल. आणि गंमत बघा, आज अंगुस्तान बोटात जाईना. आकसलं वाटतं रात्रीतून." ती हसली. काकाही हसले, म्हणाले, "बरं झालं, आमचं टेबल वाचलं." बारकीने मात्र तिच्या हाताकडे पाहिलं. परवा याच हाताने टकटक चालली होती. परवा बोटांच्या पेरांवर सुरकुत्या होत्या. आज बोटं गुळगुळीत, फुगीर दिसत होती, आणि चेहरा बघितला तर डोळ्यांखालचा तिचा नेहमीचा खड्डा भरून आला होता. नव्या माणसाला वाटलं असतं, बाई अंगाने भरलेली आहे. बारकीने तिचा दंड धरला. "आत चला," ती म्हणाली. "अहो, माझा नंबर..." "चला आधी."

पट्टा दंडाला गुंडाळला, फुगवला, सोडला. कानात ठोके जिथे यायला नको होते तिथेच, फार वरच्या आकड्यावर, सुरू झाले. पुन्हा पाहिलं. तेच. डॉक्टरबाईंनी स्वतः पाहिलं, पायावर अंगठा दाबला, उमटलेला खळगा तसाच राहिला. लघवी तपासली. शिवणवालीला दुसऱ्या खोलीत आडवं करून डॉक्टरबाई बारकीला म्हणाल्या, "हॉस्पिटल. आत्ता. झटका आला तर बाळही जाईल आणि आईही. मी फोन करते, तू बरोबर जा." मग भुवया उंचावून, "बोटावरून ओळखलंस?" "परवा आली होती ना ती," बारकी म्हणाली. डॉक्टरबाईंनी औषधाचं कपाट उघडलं.

टॅक्सीत शिवणवाली आधी बडबडत होती, एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा राहिलाय, एकच बाही लावलीय, आता तो काय एका बाहीने लग्नाला जाणार? मग एकाएकी तिने बारकीचा हात घट्ट धरला. नवरा गावाला गेलेला, संध्याकाळपर्यंत येणार. बारकी तिच्या डोळ्यांकडे बघत होती, बोटांच्या हालचालीकडे, ओठांच्या कोपऱ्याकडे. रस्ता बाजूने वाहत होता, सिग्नल, पाट्या, सायकली, आणि गाडीत फक्त त्या हाताचं ओलसर वजन होतं. "तुम्ही आत येणार ना सिस्टर?" शिवणवालीने विचारलं. बारकीच्या जिभेवर तेच सराईत 'येते हं' येत होतं. तिने ते गिळलं. "दारापर्यंत येते," ती म्हणाली. "आत दुसऱ्या सिस्टर असतील, माझ्याहून हुशार. त्यांचं ऐकायचं. आणि सकाळी मी येऊन तुम्हाला शोधून काढते. तुम्ही कुठल्याही कॉटवर असा."

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. आतून एक नर्स धावत आली, बारकीच्याच वयाची, कपाळावर घामाचे थेंब. "किती? कधीपासून डोकं? डोळ्यापुढे अंधारी? औषध काय दिलं?" बारकी सांगत गेली, परवाचं, आजचं, काल रात्री जेवली नव्हती तेही. मागचं-पुढचं सगळं तिला ठाऊक होतं, विचारायच्या आधी तोंडात येत होतं. नर्स ऐकता ऐकता एका हाताने सलाइन लटकवत होती, काम असं चाललं होतं की बघत राहावं. दोघी स्ट्रेचरच्या दोन बाजूंनी चालत होत्या. दुपाखी दार आलं. नर्सने ते पाठीने ढकललं आणि बारकीकडे पाहिलं, "आत येतेस की बाहेर थांबतेस?" असं नुसत्या नजरेने. बारकीला आतला वास आला, तो स्पिरिटचा, फिनाइलचा, धुतलेल्या चादरींचा, तिचा ओळखीचा वास. तिने हात काढून घेतला. दार दोनदा हेलकावलं आणि बंद झालं.

ती तिथेच उभी राहिली. भीती कुठे आहे ते ती चाचपून बघत होती, जसं पडल्यावर माणूस आपला एकेक हातपाय हलवून बघतो. नव्हती. गाडीत होती, पट्टा फुगवताना होती, पण ती त्या बाईसाठी होती, स्वतःसाठी नव्हे. आत जायला ती घाबरली नव्हती. आत तिची जागा घेणारी होती आणि ती उत्तम होती. बाहेरची जागा मात्र, परवा ते बोट कसं होतं हे माहीत असणाऱ्या माणसाची, ती आज बारकीशिवाय रिकामी राहिली असती. इतके दिवस तिला वाटत होतं की दोनपैकी एक दार शूर माणसांचं आहे आणि एक भित्र्यांचं. तसं काही लिहिलेलं नव्हतं कुठे. जिला पुढचं विचारल्याशिवाय राहवत नाही तिने पुढचं जिथे समोर येतं तिथे बसावं, एवढी ती साधी गोष्ट होती. छातीवरून कोणीतरी जड गोधडी उचलून घ्यावी तसं तिला झालं. ती बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली आणि आजूबाजूची माणसं बघत राहिली: काठी टेकत उतरणारी, डबे घेऊन चढणारी, फोनवर भांडणारी, सगळी उभी माणसं, कुठून तरी आलेली आणि कुठे तरी निघालेली.

सकाळी ती आधी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. शिवणवाली डोळे मिटून पडली होती, चेहरा उतरलेला पण तिचाच. संध्याकाळी ऑपरेशन करून बाळ काढलं होतं. मुलगी. काचेच्या पेटीत होती, मूठभर, पण स्वतःचा श्वास स्वतः घेत होती. "आलात होय," शिवणवाली डोळे किलकिले करून म्हणाली. "मला वाटलं, म्हणतात तसं म्हणाल्या असाल." बारकीने चादरीचा कोपरा उगीच सारखा केला आणि खाली मुख्य सिस्टरच्या खोलीत गेली.

मुख्य सिस्टर काहीतरी खात होत्या. त्यांनी डबा झाकला नाही. "बस. सोमवारी सातला ये." बारकी उभीच राहिली. "मी येत नाही," ती म्हणाली. "मी दवाखान्यात काम करणार आहे." आपलाच आवाज तिला फार सरळ वाटला. मुख्य सिस्टरनी घास संपवला. "तुझ्या मावशीने शब्द टाकला होता." "हो." "नंतर परत यायचं म्हणालीस तर सोपं जाणार नाही. हात सुटतो. मी घाबरवत नाहीये, खरं ते सांगते." "माहीत आहे मला." मुख्य सिस्टरनी डब्याचं झाकण लावलं. "काल ती शिवणवाली तूच आणलीस ना? दारातली नर्स सांगत होती, सगळं पाठ होतं म्हणे तुला." मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "बरं झालं आताच सांगितलंस. सहा महिन्यांनी रडत सांगायला येतात, तेव्हा मला जास्त ताप होतो. जा. आणि पाठवशील ती माणसं अशीच वेळेवर पाठव."

राहिली मावशी. तिच्या घराचा जिना चढताना बारकीने तीन-चार वेगवेगळ्या सुरुवाती तयार केल्या. दार उघडंच होतं. मावशी खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. "ये," न बघताच म्हणाली. "कळलं मला. तू पायऱ्या उतरायच्या आत फोन आला तिचा." बारकी समोर बसली. "राग आला?" "आला ना. चांगला तासभर होता. मग मटार सोलायला घेतले." तिने ताट दोघींच्या मधे सरकवलं. दोघी शेंगा सोलू लागल्या. मग मावशी म्हणाली, "तुला एक सांगते, आईला सांगू नकोस, तिचं उगाच चित्र बिघडेल. मला आडवी माणसं आवडतात. कायम तशीच आवडली. आठ-दहा दिवस. मग बरी होऊन उठून बसली, घरच्या कटकटी सांगायला लागली, की माझं मन उडायचं. वाटायचं, जा आता बाबा. नवा येऊ दे." बारकी हसली. मावशी हसली नाही. "आणि घरी काय होतं मला? तुझे काका माझ्याशी बोलत नव्हते."

मावशीचे यजमान बारकीला आठवत होते ते पेपरामागे. "कमी बोलायचे ते," ती म्हणाली. "कसले कमी! न्हाव्याशी तास तास बोलायचे. माझ्याशी नाही. आधी भांडण झालं होतं कशावरून तरी. मग ते कशावरून झालं तेच दोघांना आठवेना, आणि पहिल्यांदा कोणी विचारायचं यात वर्षं गेली. ते गेले तेव्हाही तसंच होतं. घरात आवाज नाही, आणि वॉर्डात पाऊल टाकलं की खोलीभर माणसं, सिस्टर, सिस्टर! कोण जाईल घरी? दुसऱ्यांच्या ड्यूट्यासुद्धा मागून घ्यायची मी. लोकांना वाटायचं, केवढी सेवा." "मग सांगितलं का नाहीस कधी?" "विचारलं कुणी? सगळे कौतुक करत होते. चालू कौतुकात मधे कसं बोलायचं?" तिने एक शेंग उघडली, आतले दाणे किडलेले निघाले, ती खिडकीतून फेकून दिली. "पण म्हणून मी वाईट नर्स नव्हते हं." "मावशी!" "उत्तम होते. कारण काही का असेना, काम उत्तम होतं. तुझं कारण माझ्यापेक्षा बरं दिसतंय, एवढंच. आई दोन दिवस तोंड फुगवून बसेल. बसू दे." आणि मग, पुढची शेंग उचलत, "तू लहानपणी मी कुणा पेशंटची गोष्ट सांगितली की विचारायचीस, मग त्याचं पुढे काय झालं? मला माहीत नसायचं. मी बनवून सांगायची. सगळे बरे होऊन गावी जायचे." बारकीने ताटातले दाणे मुठीत घेतले आणि पुन्हा ताटात सोडले. इतकी वर्षं तिचा समज होता की ते सगळे कुठल्या तरी एकाच मोठ्या, सुखी गावी गेले असतील.

सोमवारी दवाखान्यात गर्दी होती. कोणाचा तरी खोकला भिंतीपलीकडून येत होता, खालून इस्त्रीची ऊब चढत होती, आणि बाहेर काकांचा आवाज चढला होता. "नंबराने या बाई, नंबराने." "अहो, मी तिची मावशी आहे." "इथे सगळेच कुणाचे तरी कोणी असतात. मागे सरका, बसून घ्या." बारकी दाराशी आली. बाकावर, रंगारी आणि एका लेकुरवाळीच्या मधे, पर्स मांडीवर धरून मावशी अंग चोरून बसली होती. बारकीने तिला हाक मारली नाही. ज्याचा होता त्याचा नंबर आधी घेतला. मग मावशीचा आला.

आत आल्यावर मावशी स्टुलावर टेकली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "काही नाही. उठताना जरा गरगरतं. बरेच महिने झाले. तिकडे दाखवायचं म्हणजे... तिथे सगळ्या ओळखतात मला." "बरेच महिने?" बारकी म्हणाली. मावशीने खांदे उडवले. बारकीने तिची बाही वर सारली. दंडाची कातडी पातळ, मऊ होती. इतक्या वर्षांत हा दंड आपण कधी धरला नव्हता हे तिच्या लक्षात आलं. पट्टा गुंडाळला. मावशीचा हात ताठ होता, मूठ वळलेली, उठून निघायच्या तयारीत असल्यासारखी. "सैल सोडा हात," बारकी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की जन्मभर 'अगं-तुगं' केलेल्या मावशीला आपण पेशंटसारखं अहो-जाहो केलं. मावशीने तिच्याकडे पाहिलं. आधी बोटं उघडली, मग मनगट, मग कोपर, आणि बघता बघता तिच्या हाताचं सगळं वजन बारकीच्या तळहातावर आलं.